मीटर न फिरणारे फोन

माझी धाकटी मुलगी पुण्यात एका कंपनीत नेटवर्कचं काम करते. मागच्या दिवाळीला आली तेव्हा चकली मोडता मोडता मला शिकवत होती. "बाबा, आमचे नवे स्विच फार हुशार आहेत. कोणत्या लाइनवर कुणी नाही हे त्यांना आपोआप कळतं. मग तेवढी लाइन ते झोपवून टाकतात. किती वीज वाचते, तुम्हाला कल्पना नाही!"

मी विचारलं, "कुणी नाही, हे कशावरून ठरवतात?"

तिनं मला समजावून सांगितलं. यंत्राला क्षणाक्षणाला चाहूल लागते, पलीकडून कुणी हाक मारली की लाइन डोळ्याचं पातं लवायच्या आत जागी होते, वगैरे. मी मान हलवली. पोरगी हुशार आहे, तिचे स्विचही हुशार असतील. पण त्या दिवशी माझी चकली ताटात तशीच राहिली. "बाबांना सगळं सांगितलं की बाबा गप्प होतात," असं ती आईला म्हणाली. आता या अंकाच्या संपादकांनी 'नोकरीतलं काहीतरी लिहा' म्हटलं, तेव्हा ठरवलं की गप्प बसलो ते का, तेच लिहावं.

एक्क्याऐंशी साली मी टेलिफोन खात्यात लागलो आणि निवृत्त होईपर्यंत जालना जिल्ह्याच्या बाहेर गेलो नाही. माझं काम फोनचं कमी आणि बॅटरीचं जास्त. लोकांना वाटतं टेलिफोन एक्स्चेंज म्हणजे तारा. तारा दिसतात म्हणून वाटतं. खरं एक्स्चेंज बॅटरीवर चालतं. चोवीस मोठे सेल एका रांगेत, प्रत्येक दोन व्होल्टचा, मिळून अठ्ठेचाळीस. लाइट असली की चार्जर त्यांना भरत राहतो, लाइट गेली की तेच सगळा गाव ओढतात. त्यांना डिस्टिल्ड वॉटर पाजायचं, टोकांवरची पांढरी बुरशी गरम पाण्यानं धुवायची, व्हॅसलीन लावायचं. लोक म्हशीची करतात तेवढी सेवा मी सेलची केली. गुडघ्याखाली भोक नसलेली माझी एकही विजार बायकोनं कधी पाहिली नाही. ॲसिडचा एक थेंब पुरतो.

नव्वदच्या पुढे मी कुंभार पिंपळगावच्या एक्स्चेंजला आलो. दोन खोल्यांची भाड्याची जागा. एका खोलीत बॅटरी, दुसऱ्या खोलीत कपाटाएवढं डिजिटल एक्स्चेंज. ते म्हणजे एक कॉम्प्युटरच. पाठ्यपुस्तकाएवढी कार्डं त्यात उभी खोचलेली असत. एका कार्डावर आठ ग्राहक. गावातला फोन कुणाचाही असो, त्याची तार येऊन त्या कार्डाच्या आठापैकी एका दारात उभी राहायची. आणि मेख अशी की फोनवर कुणी बोलो न बोलो, कार्डाला वीज लागायचीच. आठपैकी एकाच दारात माणूस असला तरी आठही दारांवर दिवा लावून ठेवायचा, असा तो कारभार.

तेव्हा लोडशेडिंग आमच्याकडे पाहुण्यासारखं आलं आणि जावयासारखं बसलं. दुपारी एकला लाइट जायची ती पाचला यायची, कधी सहाला. सेल जुने झालेले. नव्या सेलची मागणी मी इतकी वेळा पाठवली की वरच्या ऑफिसातल्या कारकुनाला माझं अक्षर पाठ झालं होतं. जनरेटर होता, पण डिझेलच्या डब्याला तालुक्याहून निघून आमच्यापर्यंत यायला मुहूर्त लागायचा. बॅटरी चव्वेचाळीस व्होल्टच्या खाली उतरली की सगळं एक्स्चेंज एकदम मान टाकायचं. मग दवाखाना बंद, पोलीस चौकी बंद, बसस्टँडवरचा एसटीडीचा बूथ बंद. एकदा बाळंतपणात अडलेल्या एका बाईसाठी दवाखान्याला जालन्याहून गाडी बोलवायची होती आणि फोन मेला होता. बाई वाचली, कारण डॉक्टरनं ट्रॅक्टर काढला. पण डॉक्टर दुसऱ्या दिवशी येऊन माझ्यासमोर उभा राहिला आणि एक शब्दही बोलला नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या दिवसापासून मी विजेच्या मागे लागलो. खर्च कुठं कुठं होतो ते शोधायला लागलो. पश्चिमेच्या खिडकीला तुराट्यांचा तट्टा बांधला आणि त्यावर ओली पोती टाकली, म्हणजे खोली तापू नये आणि पंखे कमी फिरावेत. बॅटरीच्या खोलीतला शंभराचा बल्ब काढला. मग तारांचा सांगाडा उलगडला. ग्राहक सगळ्या कार्डांवर विखुरलेले होते, इथं तीन, तिथं दोन. आमचा लाइनमन बाबुराव आणि मी मिळून आठ दिवस तारा हलवत बसलो. विखुरलेली माणसं कमी कार्डांत बसवली आणि रिकामी झालेली कार्डं उपसून काढली. साडेसहा अँपिअरचा काटा साडेचारवर आला. मी बाबुरावला चहा पाजला. तो म्हणाला, "भाऊ, हे तर एसटीतल्यावानी झालं. सरकून बसा म्हन्लं की जागा होतीच." खरंच तसंच होतं ते. आजही त्या कामाचा मला अभिमान आहे, आणि तिथंच थांबलो असतो तर हा लेख वेगळा झाला असता.

पण बॅटरी अजून पाचपर्यंत पोचत नव्हती. साडेतीनलाच धाप लागायची. म्हणून मी पुढची युक्ती काढली. ज्यांचा फोन फारसा वापरात नाही अशा ग्राहकांना चार कार्डांवर एकत्र करायचं. लाइट गेली की ती चार कार्डं उपसायची, लाइट आली की खोचायची. बाकीचं गाव पाचपर्यंत चालेल. आता फोन वापरात नाही हे कळणार कसं? ते मशीनच सांगायचं. दर दोन महिन्यांनी आम्ही प्रत्येक ग्राहकाचं मीटर काढायचो. कुणी किती कॉल केले ते त्यात आकड्यात यायचं, त्यावरच बिल निघायचं. ज्याचं मीटर फिरत नाही, त्याचा फोन म्हणजे शोभेचा.

हे मी उगाच मानलं नव्हतं. तीर्थपुरीच्या रस्त्याला एक पाटील होते. त्यांनी फोन घेतला तो दिवाणखान्यात भरतकामाचा रुमाल घालून ठेवायला. त्यांची तार एका बैलगाडीच्या कडब्यात अडकून तुटली ती पाच महिने तुटलेलीच होती. पाटलांना पत्ता नाही. बाबुराव दुसऱ्याच कामाला तिकडे गेला तेव्हा त्याला तार लोंबताना दिसली. "पाटील, फोन बंद हाय की तुमचा," म्हणाला तर पाटील म्हणाले, "असू दे, रुमाल धुवायला टाकलाय." हा किस्सा आम्ही जालन्याच्या बैठकीत सांगून साहेबांनाही हसवलं होतं. त्या हसण्यातच माझी युक्ती मंजूर झाली. बत्तीस ग्राहकांची यादी मी एका दुपारी मीटरचा कागद समोर ठेवून, लाल पेन्सिलीनं खुणा करत केली. एकाच्याही घरी गेलो नाही.

त्या बत्तिसांत रशीदाखाला होत्या.

खालांना ओळखत नाही असं घर गावात नव्हतं. बांगड्या विकायच्या. डोक्यावर टोपली, तोंडात पान, आणि बाईचा हात धरला की काचेची बांगडी पंज्यावरून अशी उतरवायच्या की बाईला कळायचंही नाही. लग्नाचा चुडा असो, डोहाळजेवण असो, मराठ्यांच्या घरी असो नाहीतर माळ्यांच्या, खालांच्या हाताशिवाय हिरवा चुडा भरला जायचा नाही. नवरा लवकर गेलेला. रफीक एकुलता एक मुलगा. तो जालन्याच्या एमआयडीसीत एका रोलिंग मिलमध्ये वेल्डिंग शिकला आणि तिथून आखातात गेला. जाताना आईला फोन घेऊन देऊन गेला. फोनला लाकडी पेटी केली होती त्यानं. रिसीव्हर उचलता येईल पण नंबर फिरवता येणार नाही, अशी. पेटीला कुलूप. तेव्हा पुष्कळ घरांत असायची तशी पेटी, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी फोन वापरू नये म्हणून. खालांना नंबर वाचता येत नव्हते, लावायचा तरी कुणाला? त्यांना फक्त ऐकायचं होतं. दर शुक्रवारी तिकडे जुम्म्याची नमाज झाली की रफीक बूथवर रांगेत उभा राहायचा आणि आपल्याकडच्या तीन-साडेतीनच्या सुमाराला फोन यायचा. खाला त्या दिवशी टोपली लवकर उतरवायच्या.

आता हे सगळं मला माहीत होतं का? फोन बसवायला बाबुरावसोबत मीच गेलो होतो. खालांनी आम्हाला दोघांना शिरखुर्मा दिला होता. सगळं माहीत होतं. पण यादी करताना माझ्यासमोर खाला नव्हत्या, कागद होता. आणि कागदावर त्यांच्या नंबरापुढे शून्य होतं. दोन महिन्यांचं शून्य, त्याच्या मागच्या दोन महिन्यांचंही शून्य. मीटर मोजायचं ते केलेले कॉल. आलेले कॉल मोजायचं नाही, कारण त्याचं बिल नसतं. वीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला ही गोष्ट सांगावी लागते का? लागली नसती, जर मी क्षणभर थांबलो असतो. मला पाचपर्यंत बॅटरी पोचवायची होती.

युक्ती फत्ते झाली. होळीच्या सुमाराला सुरू केली आणि पहिल्याच दिवशी एक्स्चेंज लाइट येईपर्यंत जिवंत राहिलं. डॉक्टर येऊन हात मिळवून गेला. साहेबांनी दुसऱ्या चार एक्स्चेंजांना पत्र काढलं की कुंभार पिंपळगावसारखं करा. मी रोज दुपारी एकला चार कार्डं उपसून, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून टेबलावर ठेवायचो आणि लाइट आली की एकेक पुसून खोचायचो.

तीन आठवड्यांनी खाला एक्स्चेंजला आल्या. संध्याकाळची वेळ, लाइट आलेली.

"भाऊ, जरा बघा ना. फोनात बिघाड झाला का काय? तीन जुम्मे झाले, रफीकचा आवाज न्हाई."

मी त्यांच्या लाइनची तपासणी केली. लाइन उत्तम. बाबुरावला खालांच्या घरी पाठवलं. तो रिसीव्हर उचलून आला. "टोन एक नंबर येऊन राह्यला," म्हणाला. येणारच. कार्ड खोचलेलं होतं.

पुढच्या आठवड्यात त्या पुन्हा आल्या. या वेळी थोडं थांबल्या, बाकावर बसल्या आणि आपणहून सांगायला लागल्या. शेवटच्या फोनवर माय-लेकांचं भांडण झालं होतं. रफीक म्हणाला होता, 'अम्मी, आता टोपली सोड. मी कमावून राह्यलो ना? लोक काय म्हणतील, पोरगा परदेशात अन् माय गल्लोगल्ली फिरून राह्यली.' खालांना ते लागलं होतं.

"मी बोलले त्याला, ज्या टोपलीनं तुला मोठं केलं तिची तुला शरम वाटती का? मंग मला फोन करू नको. अन् आपटलाच मी फोन." पदर सावरत म्हणाल्या, "मनात नव्हतं भाऊ. तोंडातून गेलं."

तिसऱ्यांदा आल्या तेव्हा मी कामात होतो. चार्जरचा फ्यूज उडाला होता, हात काळे झाले होते. त्यांनी तेच विचारलं. आणि मी जे बोललो ते शब्दाला शब्द सांगतो, कारण त्यानंतर ते मी रोज ऐकलं आहे. मी म्हणालो, "खाला, फोन बिलकुल बराबर आहे. आता करणारानंच केला नाही तर एक्स्चेंज काय करणार?"

त्या म्हणाल्या, "हां भाऊ, बराबर आहे तुमचं." आणि गेल्या. परत तक्रार घेऊन आल्या नाहीत.

मे महिन्यात माझ्या थोरल्या मुलीचं लग्न ठरलं. चुडा भरायला खालांना सांगायचं होतं. बायकोनं सकाळीच बजावलं होतं, विसरू नका. शुक्रवार होता. दुपारी तीनच्या पुढे मला आठवलं, म्हटलं चालत कशाला जायचं, फोनच करू. एक्स्चेंजमधून खालांचा नंबर फिरवला. एंगेज. मला बरं वाटलं. आज शुक्रवार, म्हणजे रफीकचा फोन आला असणार, मिटलं भांडण. वीस मिनिटांनी पुन्हा लावला. एंगेज. मी एकटाच हसलो. किती बोलताहेत माय-लेक! तिसऱ्यांदा लावला, एंगेजचं टूं-टूं ऐकत सहज वळलो, आणि टेबलावर धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली चार कार्डं दिसली.

मी रिसीव्हर ठेवला नाही. किती वेळ तो तसाच कानाशी होता सांगता येत नाही. सगळं एका दमात समजलं. कार्ड उपसलेलं असलं की बाहेरून फोन करणाऱ्याला एंगेजचा आवाज येतो. घरात मात्र घंटी वाजत नाही. संध्याकाळी लाइट आली, खालांनी रिसीव्हर उचलला, की टोन आहेच. म्हणजे खालांच्या लेखी फोन चालू आणि मुलगा फोन करत नाही. आणि रफीकच्या लेखी? दर शुक्रवारी रांगेत उभं राहायचं आणि दर शुक्रवारी एंगेज. भांडण झालेलं. आईनं 'फोन करू नको' म्हटलेलं. त्यानं एकच अर्थ काढला असणार, की आई मुद्दाम रिसीव्हर बाजूला काढून ठेवते.

मी मोजले. दहा शुक्रवार झाले होते.

कार्डं तिथल्या तिथं खोचली आणि तसाच खालांकडे गेलो. त्या दारात बांगड्या रंगाप्रमाणे लावत बसल्या होत्या. मी उभ्यानंच सांगितलं. काय सांगितलं, कसं सांगितलं, आता आठवत नाही. एवढं खरं की 'चूक माझी आहे' हे मी दोनदा म्हणालो. त्या शिव्या देतील, रडतील, टोपली अंगावर टाकतील, सगळ्याला मी तयार होतो. खालांनी हातातल्या बांगड्या खाली ठेवल्या. मग त्यांचा चेहरा असा उजळला की मला बघवेना.

"म्हंजे तो करत व्हता?" त्यांनी विचारलं. "माझा रफीक फोन करत व्हता?"

"हो, खाला."

"या अल्ला," म्हणाल्या आणि हसायला लागल्या. शेजारणीला हाक मारली. "अगं ये, ऐक, रफीक करत व्हता फोन! या भाऊंच्या मशीनीनं अडवून ठेवला व्हता!" मला पाट दिला, पाणी दिलं. आयुष्यात कुणी मला इतक्या जोरात मारलं नाही.

पण आता रफीकला सांगायचं कसं? खालांकडे त्याचा नंबर नव्हता. तो बूथवरून करायचा. कुठून फोन आला हे आमचं मशीन लिहून ठेवत नव्हतं. शुक्रवारी त्यानं पुन्हा लावला तर लागला असता. पुढच्या शुक्रवारी मी एक्स्चेंजमध्ये देव पाण्यात घालून बसलो. फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही शुक्रवारी नाही. दहा वेळा एंगेज ऐकलेल्या माणसानं अकराव्यांदा रांगेत का उभं राहावं?

खालांकडे एक जुनं पाकीट होतं, पाठीमागे कंपनीच्या कॅम्पचा पत्ता. रफीक गावच्या मराठी शाळेत शिकलेला, म्हणून पत्र मीच मराठीत लिहिलं. सगळं लिहिलं, कार्ड, बॅटरी, मीटर, आणि मी खालांना काय बोललो तेही. दीड-दोन महिन्यांनी पत्र परत आलं. वर शिक्का, माणूस इथं राहत नाही. मी जालन्याला जाऊन रफीकला आखातात पाठवणाऱ्या एजंटचं दुकान शोधलं. तिथं मोबाइलची कव्हरं विकणारा बसला होता. रोलिंग मिलमधल्या त्याच्या जुन्या सोबत्यांना विचारलं. कुणी म्हणालं कंपनी बदलली, कुणी म्हणालं दुसऱ्या शहरात गेला. कुणाकडे पत्ता नव्हता.

मला करता येण्यासारखी एक गोष्ट उरली होती, ती मी केली. खालांची लाइन मी एका वेगळ्या कार्डावर नेली. त्या कार्डावर दुसरं कुणीच ठेवलं नाही. कुणाच्या हातून चुकूनही उपसलं जाऊ नये म्हणून वर चिकटपट्टी लावली. एका न वाजणाऱ्या फोनसाठी अख्खं कार्ड रात्रंदिवस जळत राहिलं. साहेब तपासणीला आले तेव्हा म्हणाले, "अहो, बचतीचे पुढारी तुम्ही, आणि हे काय?" मी त्यांना कारण सांगितलं. ते म्हणाले, "चालायचंच हो, मुद्दाम थोडंच केलं." मी म्हटलं, "साहेब, बाकीच्या चार एक्स्चेंजना कळवा, मीटरवरून ठरवू नका." त्यांनी कळवलं असावं. मी स्वतःही चौघांना फोन केले. दोघांनी ऐकलं. तिसरा म्हणाला, आमच्याकडे तक्रार नाही. मी त्याला सांगितलं की माझ्याकडची तक्रारही थांबली होती.

आणि मग मी ते काम केलं जे आधी करायला हवं होतं. उरलेल्या एकतीस घरी मी आणि बाबुराव चालत गेलो. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला. तुम्हाला फोन कधी येतो? एका मास्तरांच्या घरी मुलीचा फोन रविवारी येई. एका सुताराला लाकडाच्या वखारीतून सकाळी. रुमालवाल्या पाटलांना खरोखरच कधी येत नव्हता, तेवढा माझा अंदाज बरोबर निघाला. कोणाची वेळ काय ते लिहून घेतलं आणि कार्डं त्याप्रमाणे लावली. बॅटरी पूर्वीइतकीच वाचली. जरासं चालणं आणि विचारणं, एवढाच जास्तीचा खर्च होता. पुढे एक्स्चेंजमध्ये इंटरनेटची पेटी आली, दिवसभर हिरवे दिवे मिचकावणारी, तेव्हाही ती कधी बंद ठेवायची हे मी वापरणाऱ्यांच्या दारात जाऊनच ठरवलं. लोक म्हणायचे, हा माणूस फार चौकशा करतो.

खालांनी माझ्या थोरल्या मुलीचा चुडा भरला. तो दिवस शुक्रवारचा नाही याची त्यांनी आधी खात्री करून घेतली. त्यानंतर कुठलाही शुक्रवार त्यांनी घराबाहेर काढला नाही. भेटल्या की मलाच धीर द्यायच्या. "येतो भाऊ फोन, जिद्दी आहे जरा. माझ्यावर गेलाय." दुसऱ्या वर्षीच्या थंडीत दम्यानं उचल खाल्ली आणि चार दिवसांत त्या गेल्या. गावानं माती दिली. माती द्यायला मुलगा नव्हता.

रफीक दोन महिन्यांनी आला. तिकडे जालन्याचा कुणीतरी भेटला, त्याच्याकडून त्याला कळलं. एका दुपारी एक्स्चेंजच्या दारात उभा राहिला. अंगानं भरला होता, केस विरळ झाले होते. मी त्याला ओळखलं.

"काका, अम्मीचा फोन बंद करायचाय. अर्ज कुठं द्यावा लागतो?"

मी त्याला बसवलं. अर्ज पुढे केला. त्यानं सही केली आणि पेन तसाच धरून म्हणाला, "लई जिद्दी होती काका. दर जुम्म्याला लावायचो. एंगेज. रिसीव्हर काढून ठेवायची. मंग मीबी म्हन्लं, राहू दे. म्हन्लं, गावाला गेल्यावर पाया पडून घेऊ."

मी न बोलता अर्ज घेतला असता तर तो गेला असता. हे मी प्रामाणिकपणे लिहितो की तसं करण्याचं मनात आलं. माझ्या निवृत्तीला थोडीच वर्षं राहिली होती, कुणाला काही कळलं नसतं. पण मग तो जन्मभर आईला जिद्दी समजत राहिला असता. मी त्याला सगळं सांगितलं. परत आलेलं पत्र माझ्या ड्रॉवरमध्ये होतं, ते न फोडता त्याच्या हातात दिलं.

त्यानं ते खिशात ठेवलं. एक्स्चेंजच्या कपाटाकडे वळला. मग विचारलं, "अम्मीला माहीत होतं? मी करत व्हतो ते?"

"हो. मला कळलं त्याच दिवशी सांगितलं. शेजारणीला हाक मारून मारून सांगत होत्या."

त्यानं मान हलवली. माफ केलं म्हणाला नाही, रागावलाही नाही. उठला आणि विचारलं, "कोणतं हाय तिचं?" मी चिकटपट्टी लावलेलं कार्ड दाखवलं. त्यानं टेबलावरचा फोन ओढला आणि आपल्या घरचा नंबर फिरवला. घंटी जात होती. मलाही बारीक ऐकू येत होती. पुष्कळ वेळ त्यानं ती ऐकली. डोळे पुसले नाहीत.

"आता करा बंद," म्हणाला. "पण या वेळेला सांगून करा."

मी चिकटपट्टी काढली. म्हणालो, "रफीक, बंद करतोय." आणि कार्ड ओढलं.

त्यानं नंबर पुन्हा एकदा फिरवला, क्षणभर ऐकलं, आणि रिसीव्हर माझ्यापुढे धरला.

"घ्या काका," तो म्हणाला. "दहा जुम्मे मी हे ऐकलं. तुम्हीबी ऐका."

मी रिसीव्हर घेतला. तो निघून गेला, तरी मी ऐकत उभा होतो.